डझ द डॉग डाय: भयपट लावण्याआधी मी जिथे डोकावते

‘डझ द डॉग डाय’ नावाचं एक संकेतस्थळ आहे, त्याचं अ‍ॅपही आहे. जॉन व्हिपल यांनी २०१० मध्ये ते सुरू केलं तेव्हा तिथे एकाच प्रश्नाचं उत्तर मिळायचं: या सिनेमात कुत्रा मरतो का? आज तिथे दोनशेहून जास्त प्रश्न आहेत. लहान मूल मरतं का, गर्भपात होतो का, कुणाला जिवंत पुरतात का, डोळ्याला इजा होते का, विदूषक आहे का, कोळी आहेत का, दिवे लुकलुकतात का. सांताक्लॉजचं गुपित मुलांसमोर फुटतं का, हासुद्धा एक प्रश्न आहे. ज्यांनी सिनेमा पाहिलाय ते हो किंवा नाही असं मत देतात, खाली दोन ओळी लिहितात, आणि बरेच जण ते कितव्या मिनिटाला घडतं तेही नोंदवतात. वापरायला पैसे पडत नाहीत.

भयपट बघणाऱ्या प्रत्येक घरानं हे वापरावं असं मला मनापासून वाटतं. ‘सिनेमावर वयाचं प्रमाणपत्र असतंच की, अजून काय पाहिजे?’ हे मला अनेकांनी विचारलंय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आम्ही नाशिकला राहतो. शनिवारी रात्री जेवणं उरकली की हॉलमधला दिवा मालवला जातो आणि सिनेमा लागतो, आणि आमच्याकडे सिनेमा म्हणजे भुताखेताचाच. ही आवड सासूबाईंची. वाड्यातल्या, विहिरीतल्या, पिंपळावरच्या सगळ्या भुतांवर त्यांचं प्रेम आहे. मात्र एकदम कानठळ्या बसवणारा आवाज आला आणि पडद्यावर तोंड आदळलं की त्यांची छाती धडधडायला लागते आणि मग रात्रभर झोप नाही. भूत चालतं, दचकवणं चालत नाही. माझा भाचा नववीत आहे. त्याला रक्त, झोंबी, कवट्या कशाचंच काही वाटत नाही. पण त्याचा शेरू गेल्यापासून कुत्र्याला काही झालेलं त्याला बघवत नाही. आणि माझी नणंद. तिचं बाळ सातव्या महिन्यात गेलं. भयपट तिलाही आवडतात, ती आमच्यात बसून पॉपकॉर्न खात ओरडणाऱ्यांतली आहे. पण पडद्यावर बाळंतपण किंवा तान्हं मूल आलं की ती उठून आत जाते आणि त्या रात्री परत बाहेर येत नाही.

सासूबाई सत्तरीच्या पुढे, नणंद चौतिसाची, भाचा पंधराचा. कुणाला काय झेपत नाही आणि कुणाचं वय काय, यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. आपल्याकडचं प्रमाणपत्र मात्र वय सोडून दुसरं काहीच सांगत नाही.

आपलं सेन्सॉर बोर्ड, म्हणजे केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळ, १९५२ च्या चलच्चित्र कायद्याखाली काम करतं. आधी यू (सगळ्यांसाठी) आणि ए (फक्त मोठ्यांसाठी) असे दोनच वर्ग होते. १९८३ मध्ये यूए आलं: बारा वर्षांखालच्या मुलांना दाखवायचं की नाही ते आईवडिलांनी ठरवावं. पुढची चाळीस वर्षं भुताचा विनोदी सिनेमा आणि अंगावर काटा आणणारा सिनेमा दोन्ही त्याच एका खणात जाऊन पडत. २०२३ च्या दुरुस्तीनंतर आणि २०२४ च्या नव्या नियमांनंतर यूएचे तीन भाग झाले: यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+. ही सुधारणा मला मनापासून आवडली. सात वर्षांच्या आणि पंधरा वर्षांच्या मुलाला एकाच पारड्यात तोलणं चूकच होतं. हे आकडे पालकांसाठी सल्ला म्हणून आहेत, थिएटरवाल्यांनी त्यावरून मुलांना अडवायचं नाही. अडवायचं ते ए असेल तर. मुलांना काय दाखवायचं ते घरानं ठरवावं, यालाही माझी ना नाही.

पण ठरवायचं कशाच्या जोरावर? थिएटरमध्ये सिनेमा सुरू होण्याआधी पडद्यावर जे प्रमाणपत्र झळकतं, त्यात यूए १६+ दिसतं. का १६+, ते पडद्यावर येत नाही. रक्तामुळे? आत्महत्येमुळे? शिव्यांमुळे? औषधाच्या बाटलीवर ‘मोठ्यांसाठी’ एवढंच छापून आत काय आहे ते गाळावं, तसं हे आहे. ओटीटीची गोष्ट थोडी बरी आहे. २०२१ च्या नियमांनुसार त्यांना वयाच्या वर्गाबरोबर आशयाचा इशाराही द्यावा लागतो, आणि यूए १३+ व त्यावरच्या सगळ्याला पालकांनी कुलूप लावण्याची सोय ठेवावी लागते. त्यामुळे कोपऱ्यात हिंसा, भीती, शिवीगाळ असे दोन-तीन शब्द येतात. भयपटावर ‘भीती’ लिहिलेलं वाचून माझ्या नणंदेला काय कळणार?

उदाहरण देते. ‘अ क्वाएट प्लेस’ हा २०१८ चा सिनेमा. अमेरिकेत त्याला पीजी-१३ मिळालं, म्हणजे तेराखालच्यांबाबत पालकांनी सावध राहावं, आणि कारण दिलं होतं: दहशत आणि काही रक्ताळलेली दृश्यं. कारण खोटं नाही. पण त्या सिनेमात पहिल्या काही मिनिटांतच घरातलं सगळ्यात धाकटं मूल जातं. पुढे त्याची आई गरोदर आहे, आणि आवाज ऐकून मारणारे राक्षस घरात शिरलेले असताना ती बाथटबमध्ये, आवाज दाबत बाळंत होते. ‘काही रक्ताळलेली दृश्यं’ यातून हे कुणाला समजेल? ‘डझ द डॉग डाय’वर मूल मरतं का, बाळंतपण आहे का, हे वेगवेगळे प्रश्न आहेत आणि दोन्हींसमोर हो आहे.

मी नणंदेला आधी विचारलं. गोष्ट सांगितली नाही, एवढंच म्हटलं की यात बाळंतपण आहे आणि एक लहान मूल जातं, लावू का? ती म्हणाली, “वहिनी, हा नको. पण भुताचा दुसरा कुठला तरी लाव, मला आत पाठवू नकोस.” हे वाक्य माझ्या डोक्यात घर करून बसलंय. तिला आमच्यातून उठायचं नव्हतं, फक्त त्या एका गोष्टीपासून लांब राहायचं होतं. त्या रात्री आम्ही एका जुन्या हवेलीचा सिनेमा पाहिला आणि ती सगळ्यांत जोरात ओरडली.

भाच्याच्या बाबतीत ‘आय अ‍ॅम लेजंड’ असाच टाळला. २००७ चा, तोही अमेरिकेत पीजी-१३. ओसाड न्यूयॉर्कमध्ये एक माणूस आणि त्याची कुत्री, बाकी सगळी रोगानं पिसाळलेली माणसं. पोस्टर बघून हा मुलगा नाचला असता. त्या कुत्रीचं पुढे जे होतं ते आणि ज्याच्या हातून होतं ते, शेरू नुकताच गेलेला असताना त्याला दाखवणं क्रूरपणा झाला असता. या सिनेमाच्या पानावर कुत्र्याच्या प्रश्नाखाली लोकांनी जीव तोडून लिहिलंय. अनोळखी माणसांनी दुसऱ्यांच्या मुलांसाठी एवढं लिहून ठेवावं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

खातं उघडलं तर आपल्या घरचे प्रश्न निवडून वर ठेवता येतात. मी चारच ठेवलेत: प्राणी, तान्ही मुलं आणि बाळंतपण, अचानक दचकवणं, लुकलुकणारे दिवे. सिनेमाचं नाव टाकलं की ते आधी दिसतात आणि बाकीच्या उत्तरांवर नजर जात नाही. हे महत्त्वाचं आहे, कारण या संकेतस्थळाचा सगळ्यात मोठा दोष असा की ते सिनेमा फोडतं. ‘घरातली व्यक्तीच खुनी निघते का’ या जातीचं उत्तर चुकून वाचलं की दोन तासांची मजा संपली. म्हणून आमच्याकडे एकटी मी वाचते. बाकीच्यांना त्यांना हवं तेवढंच सांगते, आणि कुणी ‘काही सांगू नकोस’ म्हटलं तर तेही मानते. भाच्याला आता स्वतः अ‍ॅप हवंय; त्याला मी अजून दिलेलं नाही.

दुसरा दोष तीव्रतेचा. हो आणि नाही यांच्या मधलं तिथे काही मोजलं जात नाही. कुत्रा पडद्याबाहेर जातो आणि नुसता उल्लेख येतो, तेही हो. कॅमेरा त्याच्यावर रेंगाळतो, तेही हो. खालच्या ओळी वाचल्याशिवाय फरक कळत नाही, आणि त्या ओळी सगळ्या इंग्रजीत. सासूबाईंना किंवा माझ्या आईला एकटीनं हे वापरता येणार नाही.

इथे सेन्सॉर बोर्डांची बाजू घ्यावीशी वाटते. ‘द कॉन्ज्युरिंग’ला २०१३ मध्ये अमेरिकेत आर मिळालं, म्हणजे सतराखालच्यांनी मोठ्यांसोबतच यायचं. करणाऱ्यांना पीजी-१३ हवं होतं. पण अमुक दृश्य कापा आणि खालचं प्रमाणपत्र घ्या असं सांगण्यासारखं त्यात काही नव्हतं, पूर्ण सिनेमाच तेवढा भीतिदायक होता. ज्यांनी तो अंधारात बसून पाहिलाय त्यांना हे लगेच पटेल. रक्त किती, मृत्यू किती, असे प्रश्न विचारत गेलं तर तो सिनेमा कागदावर सौम्य दिसतो. त्यात डोळे बांधून टाळ्यांचा खेळ खेळतात, तेव्हा कंठाशी येणारा प्राण कुठल्याच हो-नाहीत मावत नाही. ते ओळखायला पाच-सहा माणसांनी एका खोलीत बसून सिनेमा पूर्ण बघावा लागतो, आणि बोर्ड तेच करतं. (त्या घरातली कुत्रीही पहिल्याच सकाळी मेलेली सापडते. भाच्यासाठी दोन्ही दारं बंद.) म्हणून मी आधी प्रमाणपत्र बघते आणि ए असेल तर भाच्यापुरता विषय तिथेच संपवते. यूए असेल तर संकेतस्थळ उघडते.

दोन्ही गोष्टी एकत्र मिळतात त्या ब्रिटनच्या बोर्डाकडे. बीबीएफसीच्या संकेतस्थळावर प्रत्येक सिनेमाखाली वर्ग आणि तो का दिला याचं एक टिपण असतं: धोका आणि भय, हिंसा, भाषा, आत्महत्या, असं मुद्द्यांनी. भाषा सरळ, कथानक फार न फोडणारी, आणि नाशिकमध्ये बसून फुकट वाचता येते. या बोर्डानं टीकाही सोसली आहे. २०१२ मध्ये ‘द वुमन इन ब्लॅक’ला त्यांनी १२ए (बाराखालच्यांनी मोठ्यांसोबत यायचं) दिलं, तेही सहा सेकंद कापून आणि काही दृश्यं गडद करून, काहींचा आवाज कमी करवून. जादूगार मुलाच्या भूमिकेमुळे लाडका झालेला नट त्यात होता, त्यामुळे त्याला बघायला लहान मुलं आली. पहिल्याच दृश्यात तीन लहान मुली खेळणी तुडवत खिडकीकडे चालत जातात आणि उडी मारतात. त्या वर्षी या सिनेमाबद्दल बोर्डाकडे १३४ तक्रारी आल्या, त्या वर्षातल्या सगळ्यात जास्त. सहा सेकंद कमी केल्यानं त्या तीन मुली थोड्याच नाहीशा होणार होत्या!

सासूबाईंसाठी मी वेगळं संकेतस्थळ वापरते: ‘व्हेअर्स द जंप’. तिथे एकाच गोष्टीची नोंद असते, दचकवणाऱ्या क्षणांची. प्रत्येक सिनेमाला पाचपैकी गुण, खाली तास-मिनिट-सेकंदासह यादी, मोठे धक्के ठळक अक्षरांत. बऱ्याच सिनेमांसाठी सबटायटलसारखी फाइलही मिळते. ती जोडली की धक्क्याच्या काही क्षण आधी पडद्यावर सूचना येते. ती फाइल लॅपटॉपवर चालते, आमच्या टीव्हीवरच्या ओटीटीत चालत नाही, म्हणून मी वेळा कागदावर लिहून घेते आणि रिमोट हातात ठेवून आवाज खाली आणते. सासूबाईंनी एकदा बजावलं, “आवाज कमी कर, पण डोळे मिट म्हणून सांगू नकोस हं. मला भूत बघायचंय.” आपल्याकडच्या प्रतीत सुरुवातीला सूचना आणि तंबाखूविरोधी जाहिरात जोडलेली असली, तर वेळा तेवढ्या पुढे सरकतात. पहिला धक्का जुळवून घेतला की पुढचं गणित बसतं. या कामात ‘डझ द डॉग डाय’ मागे पडतं, कारण ‘दचकवणारं आहे का’ याला भयपटात जवळपास नेहमीच हो असतं आणि त्या होचा उपयोग नाही.

लुकलुकणाऱ्या दिव्यांबद्दल मात्र मी कुणावरच विसंबत नाही. आमच्या शेजारच्या मैत्रिणीला फिट येतात. ती आली की त्या प्रश्नासमोर ‘नाही’ दिसत असलं तरी मी सिनेमा आधी स्वतः पाहून घेते. मत देणाऱ्या बहुतेकांना तो त्रास नसतो, त्यामुळे झगझगाट त्यांच्या लक्षात राहत नाही. वयाच्या प्रमाणपत्रात तर याला जागाच नाही. २०१८ मध्ये ‘इन्क्रेडिबल्स २’ या लहान मुलांच्या सिनेमासाठी अमेरिकेतल्या थिएटरांना दारावर झगझगाटाच्या पाट्या लावाव्या लागल्या. तेव्हा कुठे लोकांच्या लक्षात आलं की ही गोष्ट कुणीतरी आधी सांगायला हवी होती.

इशाऱ्यांच्या विरोधात जे बोललं जातं तेही मी वाचलंय. २०२३ मध्ये अशा अनेक प्रयोगांचं एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं. त्यातून दिसलं की इशारा दिल्यानं पुढचा त्रास कमी होत नाही, लोक ती गोष्ट टाळतही नाहीत, आणि बघण्याआधीची धाकधूक तेवढी थोडी वाढते. मला यात आश्चर्य वाटलं नाही. ‘विचलित करणारी दृश्यं’ एवढीच पाटी दाखवून सिनेमा सुरू केला तर माणूस धास्तावून बसणार, दुसरं काय होणार? आमच्या घरात होतं ते वेगळं आहे. नेमकं काय आहे ते कळतं, ज्याचं त्याला ठरवता येतं, आणि सिनेमा बदलता येतो. नणंदेला बाळंतपणाचा इशारा देऊन तोच सिनेमा लावला असता तर तिचं काहीच भलं झालं नसतं.

थिएटरमध्ये बदलण्याची ही सोय नसते, म्हणून तिथे प्रमाणपत्र पाळणं जास्त गरजेचं आहे. एका मल्टिप्लेक्समध्ये ए वर्गाच्या भयपटाला माझ्या पुढच्या रांगेत पाच-सहा वर्षांची मुलगी होती. दारावर कुणी विचारलं नाही. वडील म्हणाले, “झोपेल ती, तिला काय कळतंय.” ती झोपली नाही. मध्यंतरापर्यंत आईच्या कुशीत तोंड खुपसून रडत होती आणि मध्यंतरानंतरही त्यांनी तिला परत आत आणलं. मी दारावरच्या माणसाशी बोलले, त्यानं ऐकून घेतलं, झालं काहीच नाही. अठराखालच्यांना ए सिनेमाला सोडायचं नाही, हा नियम आहे. त्या मुलीचा विचार केला की आजही जीव तुटतो.

आता मराठीबद्दल. ‘डझ द डॉग डाय’वर इंग्रजी भयपटांची उत्तरं भरभरून मिळतात, हिंदीची तुरळक, आणि मराठी शोधायला गेलं की फारसं काही हाती लागत नाही. गरज मात्र इथेच मोठी आहे. ‘लपाछपी’ हा २०१७ चा आपला चांगला भयपट घ्या. गरोदर बाई, उसाच्या फडानं वेढलेलं घर, आणि त्या घराच्या मुळाशी मुलींच्या हत्या. २०२१ मध्ये याच दिग्दर्शकानं तो हिंदीत ‘छोरी’ नावानं केला. माझ्या नणंदेसारख्या बाईला हा सिनेमा लावण्याआधी जे माहीत हवं, ते कुठल्याही आकड्यात येणार नाही. हा सिनेमा वाईट आहे असं मी म्हणत नाही. उलट त्यातलं भय खरं आहे म्हणूनच आधी सांगायला हवं.

म्हणून मी बघितलेल्या मराठी भयपटांची उत्तरं भरायला घेतली आहेत. मिनिटं नोंदवते, पडद्यावर दिसतं की नुसता उल्लेख आहे तेही लिहिते, शेवट सांगत नाही. मराठीत लिहिते आणि खाली त्याचंच इंग्रजी देते, म्हणजे पुण्यातल्या आजीला आणि न्यू जर्सीत वाढणाऱ्या नातवाला दोघांनाही वाचता येईल. तुम्ही या शनिवारी जो काही मराठी भुताचा सिनेमा बघाल, त्याची पाच उत्तरं तरी भरा: मूल, बाळंतपण, प्राणी, आत्महत्या, दिवे.